सर्जनसाहेबांनी पाजलेलं पाणी

मार्वेच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. मनोरीची होडी समोर उभी, आणि तांडेल (होडी चालवणारा) विडी ओढत बसलेला.

"भरल्याबिगर निघणार नाय, शेट."

मी आवाज चढवला. शेजारच्या कोळणीने विचारलं, "कुठनं आलास रे?"

"भांडुप."

"तरीच. भांडायलाच आलायस."

भांडायलाच आलो होतो. माझा धाकटा भाऊ वसंत नौदलात होता. लढाईत त्याच्या पोटात लोखंडाचा तुकडा घुसला आणि तो गेला. त्याच्या सोबत्याने घरी येऊन सांगितलं, जहाजावरच्या सर्जनसाहेबांनी स्वतःच्या हाताने वसंताला पाणी पाजलं, मग ते दुसऱ्यांची ऑपरेशनं करायला गेले. आई इतकी वर्षं त्या पाण्यावर जगली. मला मात्र ते गिळता आलं नाही. पाणी पाजायला वेळ होता, ऑपरेशनला नव्हता? हातगाडीपासून भंगाराची वखार उभी केलेला माणूस मी, समोरचा काय लपवतो ते मला कळतं. तो सर्जन पुढे नौदलाच्या इस्पितळाचा प्रमुख झाला, मग सगळ्या सैन्यदलांच्या डॉक्टरांचा वरिष्ठ. निवृत्त होऊन मनोरीत राहतो असं कळलं, तसा निघालो.

पलीकडे उतरताना पाय चिखलात रुतला आणि एक चप्पल तिथेच राहिली. वाटेभर वलांड्यांवर (मासे वाळवायच्या बांबूंवर) बोंबील टांगलेले. पोळत्या वाळूतून लंगडत डॉक्टरांच्या बंगलीपाशी गेलो. म्हातारा, वाळलेला माणूस. त्यांनी पाय धुवायला बादली दिली, प्यायला पाणी आणलं. मी प्यायलो नाही. वसंताचं नाव सांगितलं.

"पोटाची जखम," ते लगेच म्हणाले.

"आधी त्याला का नाही घेतलंत?"

"टेबल एकच होतं. तो वाचणार नव्हता."

"दहात एक तरी आशा?"

"नाही."

"शंभरात?"

"शंभरात एक, असेल."

"मग तो एक का सोडलात?"

"तेवढ्या वेळात तिघे वाचले."

वखारीत मालही मी असाच निवडतो.

"पुढे बढती मिळत गेली," ते म्हणाले. "प्रत्येक खुर्चीत बसून जहाजांवर दुसरं टेबल मागितलं. काहींवर मिळालं."

"पण पाणी तर पाजलंत त्याला."

"पोटाच्या जखमेला ऑपरेशनआधी थेंबही देत नाहीत." ते खाडीकडे बघत होते. "ज्याला टेबलावर घ्यायचं नसतं, त्यालाच देतात. तो फार मागत होता."

परतीच्या होडीत तीच कोळीण होती. तिच्याकडून सुक्या बोंबलांचा वाटा मी घासाघीस न करता, सांगितल्या किमतीला घेतला.

"दमलास वाटतं भांडून," ती म्हणाली.

जाताना राग तरी बरोबर होता. येताना तोही धरवेना, आणि आईला नेऊन द्यावं असं त्या गावात काहीच मिळालं नव्हतं.

आई दारातच उभी होती. "भेटला डॉक्टर? पाणी पाजलं होतं ना रे त्याने?"

"पाजलं. स्वतःच्या हाताने."

"बघ. आणि तू त्या देवमाणसाला शिव्या घालायचास." बोंबील सुपात घेऊन ती निवडायला बसली.