खुंटीवरचे असोले नारळ

आमच्या पडवीतल्या खुंटीला दोन असोले नारळ टांगलेले असत. साल न काढलेले, वाळून राखाडी झालेले, सुंभाच्या दोरीने एकमेकांना जखडलेले. दोरीला विहिरीतल्या शेवाळाचा वास यायचा आणि नारळांच्या सालीवर माझ्या भावांच्या पाठी घासून घासून एक गुळगुळीत जागा झाली होती. मुलगा सहा-सात वर्षांचा झाला, की एका सकाळी वडील ते नारळ खाली काढत, मुलाच्या पाठीला बांधत आणि त्याला आगरातल्या विहिरीत ढकलून देत. मुलगा गटांगळ्या खाई, रडे, वडिलांच्या नावाने ओरडे. नारळ त्याला बुडू देत नसत... थोड्याच दिवसांत तो मासळीसारखा सुळकन फिरायला लागे. मग नारळ पुन्हा खुंटीवर, पुढच्या मुलाची वाट बघत.

मला कोणी ढकललं नाही. मी जांभ्याच्या पायरीवर भावांचे सुके कपडे मांडीवर घेऊन बसायची, तेच माझं काम. पोफळीच्या सावलीत ती पायरी कायम ओली, बुळबुळीत. परकराला हिरवा डाग पडायचा आणि त्याबद्दल बोलणीही मीच खायची. एकदा विचारलं, मला कधी बांधणार नारळ? वडील हसले. "तुला काय बोटीवर जायचंय गो बाय?"

वडील बोटीवर खलाशी होते. गणपतीला आणि मे महिन्यात तेवढे घरी. मुलगेही पुढे बोटीवर जायचे, म्हणून त्यांना पोहता यायला हवं. मला ते पटलंही असतं. पण आमच्या घरातून रोज पाण्यात कोण उतरत होतं, ते मला दिसत होतं ना.

आई आणि आत्या. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा गेला, तशी ती आमच्याकडे परत आली होती. घरात सगळ्यांत मोठ्याने हसणारी तीच, आणि त्याबद्दल रोज कोणाचं तरी ऐकून घेणारीही तीच. आमचं घर खाडीच्या काठाला. ओहोटी लागली, की दोघी टोपल्या घेऊन निघायच्या, मी मागून. चिखलाचा तो खारट, कुजकट, तरी भूक चाळवणारा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून कमरेएवढ्या पाण्यात वाकायचं, पायाच्या बोटांनी चिखल चाचपायचा, तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, लागल्या की हाताने उपसून टोपलीत टाकायच्या. शिंपल्यांच्या धारेने बोटं चिरायची. पाणी चढायला लागलं, की परत. घरी येईतो लुगड्यांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उठलेल्या असत. मग चुलीवर तिसऱ्या उकळायच्या, एकेक शिंपला तोंड उघडायचा, आणि कोकम-खोबऱ्याच्या वासाने भाऊ विहिरीवरून पळत यायचे — पोहून दमलेले, भुकेले.

ह्याला कोणी पाण्यात जाणं म्हणत नसे. पुरुष पाण्यावर जात, बायका खाडीत जात. खाडीत जाणं म्हणजे अंगण झाडण्यासारखं. ते काम म्हणून धरलेलंच नव्हतं, मग त्यात धोका तरी कोण धरणार?

एका भाद्रपदात गौरी-गणपती पोचवून झाले होते. वडील अजून घरी होते. पावसाने खाडीचा तळ हलवलेला होता आणि ते पाण्यावरून दिसत नव्हतं. मी काठाला टोपली धरून उभी. आत्या पुढे होती. परवापर्यंत जिथे कमरेएवढं पाणी, तिथे त्या दिवशी पाऊल टाकायला तळच नव्हता. ती ओरडली नाही. आईकडे वळून "वयनी" म्हणाली, जसं रोज म्हणायची तसंच, आणि तिचं लुगडं पाण्यावर फुगलं. आई हात पुढे करून, पाय टेकत होता तिथपर्यंत गेली. तिच्या हाताच्या आणि आत्याच्या हाताच्या मधे आणखी एक हात मावला असता, एवढंच अंतर होतं. तिथून पुढे आईला जाता येत नव्हतं...

वडील आणि भाऊ धावत आले, पाण्यात उड्या टाकल्या. ते तर पट्टीचे पोहणारे. पण तोपर्यंत लुगडंही दिसेनासं झालं होतं. संध्याकाळच्या भरतीने आत्याला पलीकडच्या काठाला आणून ठेवलं.

तेराव्यापर्यंत आमच्या पडवीत पुरुषमाणसं येऊन बसत होती. मी चहाचे कप नेत-आणत होते, त्यामुळे सगळं ऐकत होते. कोणी म्हणाला, खाडीच्या राखणदार देवाला यंदा नारळ दिला नव्हता. कोणी म्हणाला, तिचं नशीबच तसं, आधी नवरा आणि आता ही. एका शहाण्याने सांगितलं, बायकांनी खाडीत जाणंच बंद करायला हवं, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. ती बंदी किती टिकली? तर तेरावं होऊन घरात मासळी शिजायला लागली, आणि शेजारचे काका जेवायला बसून म्हणाले, "तिसऱ्या नाहीत वाटतं हल्ली?" तिथपर्यंत.

बायकांना पोहायला शिकवावं, असं एकालाही सुचलं नाही. बसले होते नेमके त्या खुंटीखाली. उठताना एकाच्या डोक्याला नारळ लागले, तर त्याने ते हाताने बाजूला केले आणि चपला घालून गेला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईने नारळ खाली काढले आणि माझ्या पाठीला बांधायला घेतले. वडील माजघरातून बाहेर आले.

"हे काय चाललंय?"

"दिसतंय ते."

"लोक काय म्हणतील? उद्या हिला बघायला येतील त्यांना काय सांगायचं?"

"सांगा, जिवंत आहे म्हणून."

आई दोरी ओढत होती, पण तिला ती गाठ येत नव्हती. आजवर ती कधी तिच्या हातात आलीच नव्हती. "हिला खाडीत पाठवणार मी," ती म्हणाली. "तुम्ही तेव्हा बोटीवर असाल."

वडील खाली बसले, आईच्या हातातून दोरी घेतली आणि गाठ मारली.

विहिरीत मात्र मला आईनेच ढकललं. पाणी गार, काळं, नाकातोंडात शेवाळाची चव. वर आभाळाचा एक गोल तुकडा आणि त्यात आईचं डोकं. "पाय मार गो, पाय मार, हात काय आखडतेस!" स्वतःला काही येत नव्हतं, पण सूचना भरपूर. भाऊ पायरीवर बसून हसत होते. माझे सुके कपडे त्यांच्या मांडीवर ठेवावेत, हे तिला सुचलं नाही, नाहीतर तेही झालं असतं.

पोहायला आल्यावर मी तिला म्हटलं, आता तू शीक, मी धरते. ती हातातलं सूप खाली न ठेवता म्हणाली, "मला वेळ कुठे आहे?" आणि खरंच नव्हता. पुढे मी लग्न होऊन ह्याच खाडीवर दोन घरं पलीकडे आले. आई म्हातारी होईपर्यंत खाडीत जात राहिली. तळ न दिसणाऱ्या पाण्यात मी नेहमी तिच्या पलीकडे उभी राहायची — तिच्या आणि खोल पाण्याच्या मधे. तिला ते कळत होतं.

आता म्हणे सगळं बदललं. बदललंही आहे, मी आंधळी नाही. माझ्या नातीला मी पोहायला शिकवलं तेव्हा कोणी ब्र काढला नाही. ती मुंबईला विसाव्या मजल्यावर नोकरी करते आणि पाण्याजवळही जात नाही. खाडीत जाते ती माझी सून, संगीता. तिच्या तिसऱ्या आता हॉटेलवाले घेतात. वाळू उपसून उपसून खाडीच्या तळाला खड्डे पडलेत, ते ओहोटीलाही कळत नाहीत. माझा मुलगा पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, "मी हिला कशालाच नाही म्हणत नाही." खरं आहे. सकाळचा त्याचा डबा, दुपारची खाडी, संध्याकाळचं पाणी भरणं, कशालाच तो नाही म्हणत नाही.

मागे महिला दिनाला गावात कार्यक्रम झाला. वाडीतली सगळ्यांत म्हातारी म्हणून मला खुर्चीवर बसवलं, शाल दिली, नारळ दिला. सोललेला. असोला असता तर कोणाच्या उपयोगी तरी पडला असता. तालुक्याहून आलेला पाहुणा बराच वेळ बोलला, की स्त्री आज विमान चालवते. मग माझ्यापुढे माईक धरला, आजी दोन शब्द बोला. मी समोर बसलेल्या बायकांना विचारलं, "तुमच्यातल्या कितीजणींना पोहता येतं गो?" हशा झाला. पदर तोंडाला लागले. पाहुणाही हसला, आजी गमतीदार आहेत म्हणाला, आणि वडे आले.

घरी येताना संगीता फुरंगटली होती. "अहो आई, सगळ्यांच्या देखत काय विचारलंत ते?"

"तुला येतं का?"

"नाही."

"मग शीक. मी काठावरून सांगते, पाण्यात तुझ्या नवऱ्याला उभं करू."

"मला वेळ कुठे आहे, आई?" ती म्हणाली, आणि पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

मी मुलाकडून माडावरचे दोन नारळ पाडून घेतले, वाळवले, नव्या सुंभाने बांधले. गाठ मला येते. पडवीतल्या खुंटीला टांगून ठेवलेत. येता-जाता तिच्या डोक्याला लागतात, ती हाताने बाजूला करते.

माझे गुडघे गेले. खोल बाजूला उभं राहणं आता जमत नाही. ओहोटी लागली, की मी काठी घेऊन काठावरच्या दगडावर जाऊन बसते आणि ती पाण्यात कुठवर गेली ते बघत राहते. काठावरून हात पोचत नाही, हे मी लहानपणीच पाहिलेलं आहे. तरी पाणी चढेपर्यंत बसते.