गार्डकाकूंचं सैपाकघर

गार्डकाकूंना कधी काही शोधताना मी पाहिलं नाही. आमच्या रेल्वे कॉलनीत रोज सकाळी घरोघरी सांडशी, चष्मा आणि पोरांचे मोजे यांच्या नावानं शिमगा चाले. काकूंचा हात मात्र नुसता पुढे जायचा आणि हवी ती वस्तू हातात यायची. जिरं कुठं आहे विचारलं की पाठमोऱ्याच म्हणायच्या, "डोळे झाकून सांगते. मधली फळी, तिसरा डबा." त्यांचे यजमान मालगाडीवर गार्ड होते, म्हणून ते गार्डकाका आणि या गार्डकाकू. मी लग्न होऊन त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये आले आणि स्वयंपाक खऱ्या अर्थानं त्यांच्याकडेच शिकले.

त्यांच्या घरातली वस्तू कुणी इंचभर हलवलेली त्यांना खपत नसे. पाहुण्या बाईनं पाण्यानं भरलेला पितळी गंज ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला तर तिच्यादेखत उचलून परत जागेवर. "वस्तूले घर पाह्यजे वं. माणसाचं कुठंही भागते." कॉलनीतल्या बायका त्यांना खाष्ट म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, मीही म्हणत असे. पण त्यांच्या हातच्या कोथिंबिरीच्या सांभारवडीचा वास आला की आम्ही सगळ्या खाष्टपणा विसरून वाटी घेऊन हजर.

एकदा त्यांची जाऊ चार दिवस राहून गेली आणि जाता जाता मदत म्हणून डबे उंचीप्रमाणे लावून गेली. त्या संध्याकाळी मी तिथंच उभी होते. काकूंनी तेल तापवलं, डबा उघडला आणि मोहरीच्या जागी चमचाभर चहापत्ती कढईत टाकली. करपल्याचा वास सुटला तरी त्या कढईकडे पाहतच होत्या.

"काहून जळून राहिलं वं?" त्यांनी मला विचारलं.

मी गॅस बंद केला. काय झालं ते मला कळलं आहे, हे त्यांनाही कळलं. मग त्यांनी सांगितलं. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. "उजेड-अंधार समजते. माणूस आवाजावरून वळखते." काकांना त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. "कोणाले सांगू नको. एकदा समजलं का मले पाटावर बसोतीन अन् ताट समोर आणून ठेवतीन. मंग मी कायची घरवाली?" मी कबूल केलं. घरी येऊन मात्र खूप रडले.

त्याच वर्षी काका रिटायर होणार होते. क्वार्टर सोडावं लागणार म्हणून त्यांनी गावाबाहेर मनीषनगरात प्लॉट घेऊन बांधकाम काढलं होतं. तेव्हा तिकडे नुसते आखलेले लेआउट होते. काळी माती, बाभळी आणि मैलभर अंतरावर एखादा दिवा. काका हौसेनं पोती, सुतळी, खोकी आणून टाकत आणि काकू त्यांना हात लावत नसत. काका दिवसा एक पेटी भरत, त्या संध्याकाळी ती रिकामी करून भांडी परत फळीवर लावत. घरात अबोला आला. "उमरभर बदल्या केल्या अन् आता सोताच्या घरात जाले नखरे," काका मला ऐकवत. काकू मला वेगळंच सांगत, "इथं मी बाई हावो. तिथं गेली का गाठोडं होईन."

मी दोघांच्या मधे उभी. तोंड शिवलेलं. जीव नकोसा होई.

एके दुपारी काका गवंड्याला घेऊन आमच्याकडे आले आणि सरळ स्वयंपाकघरात शिरले. टेपानं ओटा मोजला, फळ्यांची उंची मोजली, मोरी भिंतीपासून किती हात तेही मोजलं. काका हळूच म्हणाले, "तिले दिसत नाही, मले ठाऊक आहे. दोन वर्षं झाली. तिले वाटते मले माहीत नाही, तं राहू दे तसंच. आमच्या घरी मोजलं असतं तं तिले समजलं असतं. क्वार्टर तं सारखेच आहेत."

त्या माणसाबद्दल मला इतकी माया त्याआधी कधी वाटली नव्हती. बांधकाम पाहायला आलेला त्यांचा भाऊ हसला. "एवढा प्लॉट घेतला अन् सैपाकघर क्वार्टरचंच बांधून राहिला का गा?" काका फळीची उंची पुन्हा मोजून पाहत होते. बांधाबांध शेवटी मीच केली. काकू खुर्चीवर बसून होत्या.

मनीषनगरात मेटॅडोर उतरवली. काकांनी काकूंचा हात धरला नाही. नुसते पुढे चालत बोलत राहिले, म्हणजे त्यांना आवाजामागं येता यावं. स्वयंपाकघराच्या दारात ते थांबले. "पाहा कसं झालं ते."

काकू आत गेल्या. उजवा हात फळीसाठी वर गेला आणि कोऱ्या भिंतीवर आपटला. मोरी असेल म्हणून त्या वळल्या तर ओटा कमरेला लागला. आमची दोन क्वार्टर्स एकाच भिंतीला पाठ लावून होती. त्यांच्याकडे जे उजवीकडे ते आमच्याकडे डावीकडे. दोन वर्षं मी दोन्हीकडे वावरले, पण दिसणाऱ्याला डावं-उजवं कुठं आठवतं?

काकू भिंत चाचपत एक फेरी फिरल्या. माझ्याजवळ आल्यावर त्यांचे ओठ माझ्या कानाशी आले. "हे तं तुझं सैपाकघर आहे वं." मी बोलणार तोच त्यांनी माझं मनगट आवळलं. "त्याईले सांगू नको. माणसानं जीव लावून बांधलं."

"जमलं का?" दारातून काकांनी विचारलं.

"जमलं," काकू म्हणाल्या.

पुढे मी महिन्या-दोन महिन्यांनी जात असे. काकूंच्या हातावर दर वेळी भाजल्याचा नवा चट्टा असे, पण भाकर त्यांच्याच हातची. काकांना पाहुण्यांना स्वयंपाकघर दाखवायची भारी हौस. "अगदी क्वार्टरसारखं आहे. तिले विचारा."

"हो, जसंच्या तसं," काकू म्हणत, आणि कपासाठी उजवीकडे निघालेला हात अर्ध्यातून डावीकडे वळवत.