कोपराची खूण

मेलेल्या माणसाच्या नातेवाइकांशी भांडण्यात डॉक्टर गॉटहिल्फ आमरबाख यांचा हात धरणारा साऱ्या हेसलिंगन गावात कोणी नव्हता. इस्पितळात कोणी दगावलं, की हे शवागाराच्या दारात हजर. बायाबापड्या रडत म्हणायच्या, "आमच्या माणसाला चिरायचं नाही, डॉक्टरसाहेब." डॉक्टर मेणकापडाचा एप्रन आवळत ठरलेलं उत्तर द्यायचे, "मग तो कशाने गेला ते कळणार कसं?" बहुतेक वेळा तेच जिंकत. हरले, तर त्या दिवशी घरी कोणाशी धड बोलत नसत.

बाप खाटीक. त्यामुळे बिअरच्या दुकानात लोकांचा एक विनोद ठरलेला असे, "बापाने डुकरं चिरली, पोराने माणसं. सुरी तीच, फक्त धुऊन घेतली!" डॉक्टरांनाही तो आवडायचा. स्वतःच तो सांगत ते पावावर यकृताचं सॉसेज थापायचे आणि मिटक्या मारत खायचे. बर्लिनला शिकले, फ्रान्सच्या लढाईत जखमींच्या छावणीत राबले, आणि शेवटी या आडगावच्या इस्पितळात, तळघरातल्या दगडी मेजापाशी येऊन रमले. लग्न केलं नाही. घर थोरली बहीण ओटिली सांभाळायची.

त्या मेजाची एक रीत होती. माणूस गेला की इस्पितळाचे मुख्य डॉक्टर श्ट्यूव्ह आपलं निदान खडूने फळ्यावर लिहीत. आमरबाख फळ्याकडे पाठ करून प्रेत चिरत, एकेक अवयव हातात घेऊन काय दिसतं ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगत, आणि मगच वळून फळा वाचत. फळा पुष्कळदा खोटा ठरे. श्ट्यूव्ह वरवर हसत आणि आतून जळत. आमरबाखना त्याची गंधवार्ता नव्हती. ते तरुण डॉक्टरांना दटावत राहायचे, "कोणी काय सांगितलं ते विसरा. मी सांगितलेलंसुद्धा. मेजावर जे आहे तेवढंच खरं."

या तरुणांतला एक एडमुंड वीप्रेख्ट. आईबाप नसलेला, हुशार, हाताचं काम सफाईदार. डॉक्टरांनी त्याला मदतनीस म्हणून घेतलं आणि बघता बघता घरचाच करून टाकलं. दर रविवारी जेवायला तोच. ओटिली त्याच्यासाठी बटाट्याचे गोळे जरा जास्तच करायची, वर प्लमचा केक. तळघरात बोटं गारठतात म्हणून तिने त्याला लोकरीचे हातमोजे विणून दिले. सख्ख्या भावाला तिने तसे कधी दिले नव्हते, आणि डॉक्टर त्यावरून तिला चिडवायचे.

मग डॉक्टरांचे डोळे जायला लागले. आधी रंग गेले. तांबडं आणि पिवळं दोन्ही सारखंच मातकट दिसू लागलं. लाइपझिगच्या नेत्रवैद्याने सांगितलं, डोळ्यामागची नस सुकत चालली आहे, यावर इलाज नाही. चिरणाऱ्याला रंगच दिसेना म्हटल्यावर नोकरी कोण ठेवणार? गावाबाहेर नवं इस्पितळ उठत होतं. तिथल्या मोठ्या खिडक्यांच्या दालनात आयुष्यभर जमवलेल्या नमुन्यांच्या बरण्या स्वतःच्या हाताने मांडायच्या आणि मगच सुरी खाली ठेवायची, एवढंच त्यांना हवं होतं. तोवर कोणाला कळता कामा नये.

ही गोष्ट त्यांनी एकट्या एडमुंडला सांगितली. ओटिलीलासुद्धा नाही.

एडमुंडचे डोळे भरून आले. "मी आहे ना, डॉक्टरसाहेब. तुमचे डोळे मीच."

दोघांनी खूण ठरवली. एडमुंड शेजारी उभा राहायचा. त्याचं कोपर एकदा लागलं की तांबडं, दोनदा लागलं की पिवळं, तीनदा लागलं की राखी. बाकीचं बोटं सांगायची, आणि त्यांची बोटं तरबेज होती. असा बराच काळ निभला. डॉक्टर एकदा भावनेच्या भरात त्याला म्हणालेही, "मी मेलो की मला तूच चिर. ती नस काढून बघ नीट. माझी परवानगी आत्ताच घेऊन ठेव, मागाहून ओटिलीशी भांडायला नको."

चर्चचा म्हातारा ऑर्गनवादक ट्राउगॉट वारला, त्या दिवशी तळघरात गर्दी होती. नव्या इस्पितळाची माणसं निवडायची म्हणून नगरसभेचे लोकही आले होते. ट्राउगॉट म्हणजे लग्नाच्या मेजवानीतही दूध मागणारा माणूस. अवघा गाव त्याची त्यावरून टर उडवायचा.

डॉक्टरांनी यकृत हातात घेतलं. घट्ट लागलं. कडा धारदार होती आणि सुरीला चरबीचा ओशटपणा नव्हता. रक्त साकळून जड झालेलं तांबडं यकृत असंच लागतं. तेवढ्यात कोपर लागलं. एकदा. दोनदा.

पिवळं? म्हणजे चरबीचं? डॉक्टर थबकले. पुन्हा अंगठा फिरवला. अंगठा म्हणत होता, नाही. शेजारून कोपर पुन्हा दोनदा लागलं, जरा घाईनेच, आता बोला म्हटल्यासारखं. जन्मभर ज्याने कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही, त्याने त्या क्षणी स्वतःच्या अंगठ्याला खोटं ठरवलं. पोर खोटं कशाला सांगेल!

"यकृत पिवळं," डॉक्टर मोठ्याने म्हणाले. "चरबी चढलेलं. हे दारूचं काम."

मग मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"डॉक्टरसाहेब," श्ट्यूव्ह अगदी गोड आवाजात म्हणाले, "जरा पुन्हा बघता का? रंग कोणता म्हणालात?"

डॉक्टरांनी मान एडमुंडकडे वळवली. तिथे त्यांना फक्त एक धूसर ठिपका दिसला. लिहिणाऱ्या टाकाची कुरकुर तेवढी ऐकू आली. त्यांनी यकृत हळूच मेजावर ठेवलं, हात पुसले आणि भिंत चाचपत जिना चढले. एवढ्या माणसांत त्यांना हात द्यायला कोणी पुढे आलं नाही.

घरी ओटिलीला सगळं कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला नाही सांगितलंस, आणि त्याला सांगितलंस?"

"चूक झाली असेल त्याची," डॉक्टर म्हणाले. "घाबरला असेल. रविवारी येईल, सांगेल."

रविवारी ताट मांडलं होतं. बटाट्याचे गोळे गार झाले. पुढच्या रविवारीही डॉक्टरांनी ताट मांडायला लावलं. मग एका सकाळी कॉफीच्या वेळी ओटिली वर्तमानपत्र वाचून दाखवता दाखवता थांबली. डॉक्टरांनी बजावलं तेव्हा तिने पुढचं वाचलं. नव्या इस्पितळात आमरबाख यांच्या जागी डॉक्टर एडमुंड वीप्रेख्ट यांची नेमणूक. खालीच, त्याच पानावर, एडमुंडचा आणि श्ट्यूव्ह यांच्या धाकट्या मुलीचा वाङ्‌निश्चय.

"केसाने गळा कापला मेल्याने!" ओटिली ओरडली. "माझ्या हातचं खाऊन!"

डॉक्टर आपला उजवा अंगठा बोटांवर घासत बसले. "या अंगठ्याने बरोबर सांगितलं होतं," ते म्हणाले. "मीच ऐकलं नाही."

बरण्या नव्या दालनात दुसऱ्यांनी मांडल्या. डॉक्टर तिकडे कधी गेले नाहीत. पुढे पूर्ण अंधार आला, जेवण तुटलं, माणूस वाळत गेला, आणि एका मार्चमध्ये दुपारी झोपेतच संपला.

त्याच संध्याकाळी दारावर टकटक झाली. फरच्या कॉलरचा कोट, हातात कातडी बॅग. एडमुंड होता.

"त्यांनी मला शब्द दिला होता, फ्रॉयलाइन ओटिली. डोळ्यामागच्या त्या नसेचा. शास्त्रासाठी..."

ओटिली उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "आमच्या माणसाला चिरायचं नाही."

एडमुंड क्षणभर गोंधळला. मग रोजच्या सवयीने, गुरूनेच शिकवलेलं उत्तर त्याच्या तोंडून गेलं, "मग ते कशाने गेले ते कळणार कसं?"

"त्याची काळजी तुम्ही करू नका," ओटिली म्हणाली. इतकी वर्षं ती त्याला अरेतुरे करत आली होती. "माझ्या भावाने मला सांगून ठेवलंय. एडमुंड आला तर दारातूनच परत पाठव. म्हणाला, मी कशाने गेलो ते त्याला न चिरताच ठाऊक आहे."