सागवानावरचं सागवान

माजीदचाचा कुणाच्याही घरी आले की आधी दारावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करत. दार उघडं असलं तरी. आवाज ऐकून मान हलवत आणि मगच सलाम करत. पत्रा, प्लायवूड की लाकूड, हे त्यांच्या डोळ्यांआधी कानांना कळे. पेशाच तसा होता. पत्र्याच्या दारांवर, लोखंडी कपाटांवर ते रंगानं सागवान उमटवत. पिवळट अस्तर वाळलं की त्यावर तपकिरी रंगाचा पातळ हात, आणि तो ओला असतानाच सायकलच्या ट्यूबचा कातरलेला तुकडा वरून ओढायचा. रेषा अशा उठत की बघणारा नाक लावून वास घेई.

वाळूजला कारखाने आले तेव्हा चाचांना उसंत नव्हती. नोकरीत कायम झालेला जो तो दोन खोल्या बांधी, पत्र्याचं दार लावी आणि चाचांना बोलवी. मधली गाठ काढू नका, सरळ रेषा द्या, असं कुणी म्हटलं की ते चिडत. "बगैर गाठ का झाड देखा क्या कभी?"

आमच्या दाराशी मात्र ते अडले. आमचं दार अस्सल सागवानी होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या दंगलीत गावातलं आमचं घर जाळलं, त्यातून बाबांनी एवढं दारच वाचवून शहरात आणलं. बाबा वाळूजला कायम झाले तेव्हा ते नव्या घराला बसलं. खालचा कोपरा जळून कोळसा झाला होता.

"झाकून टाका, भाऊ," आई म्हणाली. "रोज कडी लावताना तेच दिसतंय. झोप लागत नाय."

"झाकायचं कशापायी?" बाबा उसळले. "आपण काय चोरी केली व्हय? येणाऱ्याला दिसू दे की."

चाचांनी दारावर टकटक केली. "पत्र्याचं सागवान लई केलं. सागवान पे सागवान पैली बार." मग बाबांना हळूच म्हणाले, "भाई, तुम्ही दिवसभर कारखान्यात. दरवाजे के साथ तो भाभी रहती."

बाबा दारासमोरून बाजूला झाले. चाचांनी वरवरचा सुटा कोळसा खरवडला, खड्ड्यांत लांबी म्हणजे पुट्टी भरली आणि रेषेला रेष अशी जुळवली की जळका कोपरा कुठं सुरू व्हायचा ते आम्हालाही सापडेना. हे आपलं सगळ्यात चांगलं काम, असं ते स्वतःच सांगत, गिऱ्हाइकांना दाखवायला आणत. बाबा त्या दाराकडे न बघता आत-बाहेर करत. आईला झोप लागू लागली.

पुढे विद्यापीठाच्या कमानीवर नवं नाव लागलं, तेव्हा बाबा हयात नव्हते. आईनं चाचांना बोलावलं.

"भाऊ, तो रंग काढून टाका. ह्यांना दाखवायचं होतं, माझ्यापायी गप बसले. आता मला बघवतंय."

चाचांनी जुळवलेल्या रेषांवरून बोट फिरवलं. मला त्यांचं फार वाईट वाटलं. म्हटलं, चाचा, दुसरा कुणी माणूस आणतो.

"नको. दुसरा रंगासंगं लाकूड बी खरवडंल," ते म्हणाले आणि खरवडायची पत्री घेऊन खाली बसले. रंगाच्या, लांबीच्या खपल्या त्यांच्याच पायावर पडत होत्या. बिजागरीपाशी आले तसं आईनं त्यांना थांबवलं. "एवढं राहू द्या."

आता चाचाही नाहीत. दार आहे. काळ्या कोपऱ्याबद्दल कुणी विचारलं की आई आवाज न चढवता गावचं सगळं सांगते. मग त्याला खाली वाकायला लावते आणि बिजागरीपाशी राहिलेली बोटभर पट्टी दाखवते.

"हे लाकूड नाय," ती म्हणते. "हे आमचे माजीदभाऊ."