रोलमधली पहिली फ्रेम

सुरुवातीलाच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या घरी अमावास्येला नारळ फुटायचा तो चटणीसाठी. इथले अनुभव वाचून हसणाऱ्यांतलाच मी एक... तेव्हा आज तुम्ही हसलात तर तक्रार करणार नाही.

गोष्ट २००७ची. मीरा रोड, शांती नगर, चार मजली बिल्डिंग, आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा. ड्राफ्ट्समनची नोकरी सोडून (खरं तर नोकरीनेच मला सोडलं होतं) मी घरी लाकडी कॅमेरे बनवायला लागलो होतो. सगळं जग डिजिटलकडे पळत असताना मी रोलचे कॅमेरे विकायला काढले, यावरून माझी व्यवहारबुद्धी कळेलच. सागवानाचा डबा, पुढे पितळी पत्र्याला सुईने पाडलेलं बारीक भोक आणि त्यावर सरकतं झाकण. भिंग नाही, बटण नाही. आत बारा फोटोंचा रोल. इंटरनेटवरच्या एका हौशी ग्रुपमुळे वर्षाकाठी पाच-सहा गिऱ्हाइकं मिळायची.

माझी एक पद्धत होती. कॅमेरा द्यायचा तो आत रोल भरूनच. त्यातली पहिली फ्रेम मी काढलेली, उरलेल्या अकरा तुमच्या. त्या पहिल्या फ्रेममध्ये मी स्वतः टेरेसवर खुर्चीत बसलेला... माझी सहीच म्हणा ना! रोल धुतल्यावरच गिऱ्हाइकाला माझं थोबाड दिसायचं. तोवर माल परत करायची वेळ निघून गेलेली असायची.

एवढ्याशा भोकातून, सूर्य बुडाल्यानंतरच्या उजेडात फोटो यायला चार मिनिटं लागतात. मधूनच कोणी चालत गेलं तर ते उमटतच नाही. जो एका जागी बसून राहील तोच येतो. ही चार मिनिटं मोजायची युक्ती सुधाची. सुधा म्हणजे माझी बायको, मराठी शाळेत शिक्षिका. दोन ते वीस पाढे म्हणायचे, की झाली चार मिनिटं. ती झाकण उघडायची, कॅमेऱ्याजवळ उभी राहून माझ्याबरोबर पाढे म्हणायची आणि वीस दाहे दोनशेला झाकण बंद.

एकोणीसच्या पाढ्यात मी दर वेळी अडकायचो.

"एकोणीस साते?"

"एकशे... तेवीस?"

"एकशे तेहेतीस! अहो, मान नका हलवू. माझी चौथीची पोरं बरी तुमच्यापेक्षा."

पाढे म्हटल्यामुळे त्या सगळ्या फोटोंत माझ्या तोंडाच्या जागी एक धुरकट डाग असतो. सुधा म्हणायची, "यातच तुम्ही बरे दिसता."

आदल्या वर्षी दिवाळीनंतर सुधा गेली. पंधरा दिवसांचं आजारपण, बस्स.

मग झाकण मीच उघडायचो, चालत जाऊन खुर्चीत बसायचो आणि एकटाच पाढे म्हणायचो. कॅमेऱ्याला धक्का लागू नये म्हणून टेरेसच्या दाराला बाहेरून, म्हणजे माझ्या बाजूने, कडी. शेजारी आणखी एक प्लास्टिकची खुर्ची असायची. ती मी उचलली नाही, इतकंच.

खालच्या मजल्यावरच्या मेहताबेननी एकदा जिन्यात गाठलं.

"भाईसाब, ऊपर अकेले-अकेले क्या बोलते रहते हो?"

"टेबल्स. दो से बीस."

"इस उमर में?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडून डबा यायला लागला. माणसाचं डोकं फिरलंय, निदान पोट तरी भरलेलं असावं, असा हिशोब असणार.

बडोद्याहून मुलीचा, मुग्धाचा, दर रविवारी फोन. "बाबा, बंद करा ते आणि इकडे या."

"बघू."

असं चाललेलं असताना कोल्हापूरहून अमोल नावाच्या गिऱ्हाइकाचा फोन आला.

"काका, रोल धुतला. पहिला फोटो एक नंबर! काकूंना पण सांगा."

"कुठल्या काकूंना?"

"तुमच्या शेजारी बसल्यात त्या. दोघांची बी तोंडं हललीत की! फोटो काढताना गप्पा मारत बसलासा व्हय?"

फोटो पाठव, एवढंच मी म्हणालो.

चार दिवसांनी पाकीट आलं. डाव्या खुर्चीत मी. उजव्या खुर्चीत एक बाई, एक पाय वर दुमडून घेतलेला, हात मांडीवर. चेहरा अंधूक आणि तोंडाच्या जागी धुरकट डाग... हुबेहूब माझ्यासारखा. सुधा अशीच पाय दुमडून बसायची. स्टाफ रूममध्येसुद्धा.

मुग्धाला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, एकावर एक दोन फोटो आले असतील."

"अगं, रोल नवा, कॅमेरा नवा. कॅमेराच मुळी आई गेल्यावर बनवलाय."



त्या आठवड्यात मी अख्खा रोल टेरेसवर संपवला. दोन खुर्च्या, तीच वेळ, तेच पाढे. एकदा तर दार सताड उघडं ठेवलं. न जाणो, तिला जिन्यानेच यावं लागत असेल... बाथरूममध्ये रोल धुतला. बाराच्या बारा फ्रेम्समध्ये मी आणि रिकामी खुर्ची. एवढं मी स्वतःला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

ती होती की नव्हती, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नाही.

सुधा गेल्यानंतर अमोलखेरीज चार कॅमेरे विकले होते. चौघांनाही विचारलं. दोघांनी पहिली फ्रेम कापून टाकली होती. "त्यात तुम्हीच होतात ना," असं एकाने प्रामाणिकपणे सांगितलं. तिसऱ्याच्या फोटोत नुसता मी. चौथे रत्नागिरीचे एक निवृत्त हेडमास्तर. ते म्हणाले, "कॅमेरा शोकेसमध्ये ठेवलाय हो, फार देखणा आहे. रोल आतच आहे. पाठवू का?"

पार्सल आलं आणि मी ते आठ दिवस कपाटात ठेवलं. ही शेवटचीच फ्रेम होती. यातही शेजारची खुर्ची रिकामी निघाली, तर अमोलच्या फोटोवरही माझा विश्वास राहिला नसता. नवव्या दिवशी दुपारी बाथरूमच्या खिडकीला काळा कागद लावला.

रोल धुऊन झाल्यावर काळा कागद काढला आणि तो खिडकीशी उजेडात धरला. पाण्याची टाकी, कठडा, दोन खुर्च्या. उजव्या खुर्चीत ती. पाय दुमडलेला, तोंडाशी धुरकट डाग. पाढे म्हणत असलेली.

डावी खुर्ची रिकामी होती.

अंधूक वगैरे नाही, रिकामी. पाठीच्या पट्ट्या मोजता येत होत्या. आणि ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. हेडमास्तरांच्या कॅमेऱ्याच्या लाकडात एक काळी गाठ होती. कानाला डास चावत होता आणि मी हललो नव्हतो. वीस दाहे दोनशेपर्यंत मी त्या खुर्चीत बसलो होतो.

महिन्याभराने मुग्धा आली तेव्हा तिला तो फोटो दाखवला.

"बाबा, आई एकटीच बसलीय हो," एवढंच म्हणाली. बडोद्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

बऱ्याच जाणकारांना विचारलं. कोणी रसायनांना दोष दिला, कोणी भोकाला, एकाने माझ्या वयाला. मला यातलं काहीच पटलेलं नाही. इतके दिवस मला वाटत होतं की तिथे मी एकटा बसतो. आता सारखं एकच मनात येतं... तिलाही शेजारची खुर्ची रिकामीच दिसत असेल का?