औषधवाली घरं आधी

फ्रीजवाले चाचा घरात शिरले की आधी फ्रीजला हात लावत, मग माणसांकडे बघत. दाराशी चपला काढायच्या, सरळ स्वयंपाकघरात जायचं, फ्रीजच्या कुशीवर तळवा टेकवायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. हे झालं की मागे वळून, "हां बाई, बरं हाय ना सगळं?" माझ्या सासूबाईंना हा प्रकार अजिबात पटायचा नाही. घरात आलेला माणूस आधी घरच्यांची विचारपूस करतो, असं त्यांनी एकदा चाचांच्या तोंडावर ऐकवलं होतं. चाचांनी हात न काढता उत्तर दिलं, "आजी, तुम्ही बोलून सांगाल. ह्याला बोलता येत नाय, म्हणून ह्याला आधी विचारतो."

महाडात त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. उमेदीची वीस वर्षं त्यांनी आखातात मासळीच्या शीतगृहांत काढली आणि परत आले ते एक पत्र्याची पेटी आणि दुखरे गुडघे घेऊन. ती पेटी आणि गॅसची टाकी स्कूटरला बांधून हा माणूस पोलादपूरपर्यंतची गावं पालथी घाली. उमरठकडच्या एका वाडीत स्कूटर चढत नसे, तिथे ते पेटी डोक्यावर घेऊन चढले होते. वर जाऊन बघतात तर फ्रीज चुलीच्या शेजारी, भिंतीला पाठ चिकटवून उभा, वर जाडजूड भरतकामाचं कापड. "काय झालं नव्हतं बाई त्याला," चाचा मला सांगत होते. "घुसमटला होता बिचारा. पुढं ओढला, कापड काढलं, चहा प्यालो, उतरलो."

आमची ओळख माझ्या मूर्खपणामुळे झाली. बर्फाच्या कप्प्यात बर्फ साचला होता, मी सुरी घेतली आणि खरवडायला बसले. 'फुस्स' असा आवाज आला आणि थंडावा संपला. चाचांनी आल्यावर विचारलं, "सुरी कुठली वापरलीत? आणा बघू." मी आणली. त्यांनी ती पुराव्यासारखी उलटसुलट पाहिली. "शाळेत शिकवता ना तुम्ही? बर्फ आपण होऊन वितळतो हे पोरांना सांगता काय नाय?" पुढे कित्येक महिने, रस्त्यात दिसले की हात जोडून विचारायचे, "सुरी खुशाल हाय ना?" मला राग यायचा आणि हसूही यायचं.

दिव्यावर जाऊ नका, हे त्यांचं पालुपद होतं. दार उघडल्यावर आत दिवा लागला म्हणजे फ्रीज चालू आहे, अशी आमच्याकडे सगळ्यांचीच समजूत. वरंधच्या एका घरात महिनाभर दूध नासत होतं. दिवा लागत होता, मशीन घुरघुरत होतं, म्हणजे फ्रीज निर्दोष. त्या लोकांनी दूधवाल्याशी भांडण काढलं, दूधवाला बदलला, दुसऱ्याचंही दूध नासलं तेव्हा त्यालाही शिव्या दिल्या. चाचांनी आत हात घातला आणि म्हणाले, "सवच्या गरम कुंडातलं पाणी यापेक्षा गार असंल." दिव्याची तार वेगळी, थंडाव्याचा गॅस वेगळा, हे ते प्रत्येक घरात नव्याने समजावत. गॅस थेंबाथेंबाने गळत असला तर फ्रीज एका दिवसात मरत नाही, दोन-दोन महिने कोमट कोमट होत जातो, आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही.

म्हणून त्यांची एक रीत होती. दुरुस्ती झाली की बर्फाच्या कप्प्यात पाण्याचा पेला ठेवायचा आणि त्या पाण्याचा बर्फ होईपर्यंत तिथेच बसायचं. चार तास लागोत, सहा लागोत. लोक म्हणत, चाचा, जा तुम्ही, काही वाटलं तर फोन करतो. ते हलायचे नाहीत. आमच्या ओट्याखाली पाट टाकून ते बसत, मध्येच नमाजाला जाऊन येत, माझ्या वह्या तपासून होत आणि तेव्हा कुठे ते पेला उलटा करून दाखवत. पाणी पडलं नाही की पेटी बंद.

चाचींची आणि माझी ओळख नंतरची. नदीकडच्या मोहल्ल्यात त्यांचं बैठं घर. अंगाने थोराड, बोलायला गोड, आणि साखरेचा आजार इतका जुना की दोन वेळा इन्सुलिनचं इंजेक्शन स्वतःच्या हाताने टोचून घ्यायच्या. त्यांचा भाचा मुंबईहून दोन-तीन महिन्यांच्या बाटल्या एकदम आणून द्यायचा. "माझं काय गो बाय," त्या म्हणायच्या, "माझं औषध फ्रीजवाल्याच्या फ्रीजमधी. मला कसली काळजी?"

मग त्या आषाढात महाडात पाणी शिरलं. आमच्याकडे पूर काही नवा नाही, पण त्या वर्षीचं पाणी छातीपर्यंत होतं. ते ओसरल्यावर घरोघरी एकच दृश्य, फ्रीज तरंगून आडवा पडलेला आणि आत चिखल. चाचा दुसऱ्याच दिवशी गल्ल्यांतून ओरडत निघाले, "उभा करा, धुवा, पण बटण दाबू नका! एक दिवस तसाच उभा ठेवा!" ज्यांनी ऐकलं नाही त्यांची मशीनं जळाली. ऐकणारे शेकड्यांनी होते आणि दुरुस्त करणारा हा एक माणूस.

त्यांनी माझ्याकडून शाळेची एक वही मागून नेली आणि यादी करायला घेतली. प्रत्येक दाराशी उभं राहून एकच प्रश्न, "आत औषध ठेवता काय?" इन्सुलिन, थेंब, लहान मुलाचं काही. औषधवाली घरं आधी, मग तान्ही मुलं असलेली, मग बाकीची, दुकानदार सगळ्यात शेवटी. औषधवाल्या घरी आठ दिवसांनी परत येऊन आत हात घालून बघायचं, हेही त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. वशिला नाही, ओळख नाही. या एका प्रश्नावर अख्खं महाड ओळीत लावलं होतं त्यांनी.

आमच्या दाराशी आले तेव्हा मी म्हटलं, "हो, ठेवतो. सासूबाईंचे डोळ्यांचे थेंब."

थेंब दोन महिन्यांपूर्वीच संपले होते. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. गणपती महिन्यावर आले होते, ठाण्याची नणंद मुलांना घेऊन येणार होती, दूध रोज नासत होतं आणि मी चिखल उपसून उपसून कावले होते. मला फ्रीज हवा होता. चाचांनी वहीत लिहून घेतलं. आमचा तिसरा नंबर लागला. ते सकाळी आले, तारा बदलल्या, गॅस भरला, पेला ठेवला आणि दिवेलागणीपर्यंत बसून राहिले. आठ दिवसांनी परत आले, हात घालून बघितलं, आणखी अर्धा दिवस कसलंसं रबर बदलत बसले. गणपतीत पाहुण्यांना थंडगार सरबत मिळालं. नणंद म्हणाली, "वहिनी, तुमचं बाई नशीब चांगलं."

चाचींच्या पायाला त्याच चिखलात पत्रा लागला होता. अंगठ्याजवळ बोटभर चीर. मी बघायला गेले तेव्हा पट्टी होती आणि त्या नेहमीसारख्या हसत होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, साखर ताब्यात राहिली तर जखम भरेल, नाही राहिली तर पाय जाईल, आणि पायावर थांबेल असंही नाही. चाची घड्याळ लावून इंजेक्शन घेत होत्या. साखर खाली येत नव्हती. डॉक्टरांनी मात्रा वाढवली, तरी येईना. मग सगळ्यांनी त्यांच्या ताटाकडे बोट दाखवायला सुरुवात केली. लेक फोनवरून रागावली, शेजारणी रागावल्या. मीही शहाणपण शिकवून आले, "चाची, भात बंद करा. भाकरी खा."

"अगो, मी जेवतंय तरी कुठं?" त्या म्हणाल्या. एवढंच. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

त्या दिवसांत चाचा घरी दिसायचेच नाहीत. उजाडलं की वही घेऊन बाहेर, अंधार पडला की आत. त्यांचा स्वतःचा फ्रीजही पाण्यात गेला होता, पण तो त्यांनी पहिल्याच दिवशी उभा केला आणि दुसऱ्या दिवशी वाळवून चालू केला होता. दिवा लागला, मशीन घुरघुरलं, भाच्याने नव्या बाटल्या आणून आत ठेवल्या. घरचाच फ्रीज, त्यात पेला कोण ठेवणार आणि त्याच्यासमोर सहा तास कोण बसणार? बाहेर शंभर घरं वाट बघत होती. चाची दोन-तीनदा म्हणाल्याही, की पाणी गार होत नाही हो. चाचा म्हणाले, सध्या माठातलं पी. चाचींनी विषय सोडला. त्यांना पाण्याचंच वाटत होतं.

नवरात्रात अंगठा काढला. नंतर त्यांना पनवेलला मोठ्या दवाखान्यात हलवलं आणि तिथे घोट्याच्या वर पाय काढावा लागला. तिथल्या एका तरुण डॉक्टरणीने चाचांना विचारलं, "इन्सुलिन कुठे ठेवता?" चाचा म्हणाले, "फ्रीजमधी." तिने पुढे विचारलं, "फ्रीज नीट चालतो ना?" चाचा तसेच निघाले. मिळेल ती गाडी पकडून महाडला आले, कुलूप काढलं आणि चपला न काढता आत जाऊन फ्रीज उघडला. दिवा लागला. बाटल्या दारात ओळीने उभ्या होत्या, कोमट; आतलं औषध कधीचंच निकामी झालेलं. पुराच्या पाण्याने मागचा एक सांधा गंजला होता आणि गॅस दोन महिने गळत होता. हे सगळं त्यांनीच मला पुढे सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या तरी फ्रीजचा दोष सांगावा तशा आवाजात.

दिवाळीच्या आधी चाची गेल्या. डॉक्टरांनी चाचांना समजावलं, की जखम चिखलातली होती, आजार जुना होता, औषध चांगलं असतं तरी वाचल्या असत्या असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. चाचांनी मान डोलावली. ज्याने आयुष्यभर हात लावून दोष ओळखला, त्याला हे असलं सांगून काय उपयोग होता?

चाळीस दिवस झाल्यावर ते मुंब्र्याला लेकीकडे कायमचे निघाले, असं कळलं. मी आदल्या दिवशी दुपारी गेले. ते पेटी बांधत होते. मी बसले नाही. रस्ताभर घोकलेलं उभ्यानेच बोलून टाकलं. "चाचा, त्या वेळी मी खोटं बोलले. आमच्या फ्रीजमध्ये औषध नव्हतं. तुमचे दीड दिवस मी खाल्ले."

"ठाऊक हाय," चाचा म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पेटीची दोरी आवळली आणि माझ्याकडे बघितलं.

"फ्रीज उघडतो मी बाई. आत काय हाय ते दिसतंच की. तुमच्या आळीत अकरा घरांनी औषध सांगितलं. होतं दोन घरांत."

"मग निघून का नाही गेलात? भांडला का नाहीत माझ्याशी?"

"उघडलेला फ्रीज तसाच टाकून कसा जाऊ? आणि एकदा वहीत लिवलं की लिवलं." त्यांनी दोरीला गाठ मारली. "तुमचा राग नाय. तुम्ही खोटं का होईना, पण मी विचारलं म्हणून सांगितलंत. हिला मी विचारलंच नाय. सगळ्या महाडाला विचारत फिरलो, आणि ही घरात बसली होती."

मी रडायला लागले. ते उठले नाहीत, समजूत घातली नाही. घालावी असा माझा हक्कही नव्हता. अगदी साधेपणाने, खरोखरच उत्तर हवं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "तुम्ही माझ्याकडं आलात, बोललात, मोकळ्या झालात. मी कुणाकडं जाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते गेले. मुंब्र्याला त्यांनी पुन्हा कुणाचा फ्रीज उघडला नाही, असं त्यांची लेक फोनवर म्हणाली. दोन वर्षांनी तिकडेच वारले. त्यांनी दुरुस्त केलेला आमचा फ्रीज अजून चालतो, चांगला चालतो, आणि घरी आलेल्या कुणी त्याचं कौतुक केलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.