वय बसत नाही

"ब्राउझर अपडेट करा." हे वाक्य माझ्या तोंडात कायम तयार असायचं. साइट नीट दिसत नाही म्हणून कुणाचाही फोन आला की हे फेकायचं आणि फोन ठेवायचा. वर्ध्याच्या एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाची साइट मी आर्वीत घरी बसून केली होती. एसटी स्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या भाऊंनी आठवड्यापूर्वी तिच्याबद्दल तक्रार केली होती, की बारा तारखेनंतरचा जन्म असला की फॉर्म अडतो, मग त्यांना स्वतःच्या मोबाइलवरून भरावा लागतो. त्यांनाही मी हेच सुनावलं. वर मी म्हणाले, "भाऊ, तुमचा कॉम्प्युटर आता म्युझियममध्ये द्या." माझ्या लॅपटॉपवर चालत होतं, माझ्या फोनवर चालत होतं. मग माझा काय संबंध!

अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनला भाऊंचा पुन्हा फोन आला. पाच वाजता साइट आपोआप बंद होणार होती.

"ताई, एका पोरीले तुमची साइट वय बसत नाई म्हणून राह्यली. एक जूनले पंधरा पूर्ण पायजेत नं? तिले तं मार्चमधीच झाले. मी बोटावर मोजलं."

"वर्ष चुकलं असेल तुमचं."

"दोनदा टाकलं बापा! तिच्या गावाहून कॉलेजले रोज यायले गाडी नाई. होस्टेल नाई भेटलं तं शाळा सुटली समजा. येऊन पाहा नं, दहा मिनिटाचा तं रस्ता आहे."

मी चिडूनच स्कूटी काढली. त्यांची चूक दाखवायची आणि परत यायचं, असंच डोक्यात होतं.

दुकानात गेल्यावर आधी तोच प्रश्न. "नवा ब्राउझर का नाही टाकत तुम्ही?"

"टाकला होता. अंगठ्याचं मशीन बंद पडलं. ते या जुन्यावरच चालते. पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांचे अंगठे कुठं घेऊ मंग? तुमच्या घरी?"

निम्म्या तालुक्याचे फॉर्म या एका खुर्चीतून जात होते आणि त्या खुर्चीत मी एकदाही बसले नव्हते.

बसले. जन्मतारखेच्या चौकटीवर क्लिक केलं. माझ्याकडे तिथे छोटं कॅलेंडर उघडतं, त्यातून तारीख निवडायची. इथे काहीच उघडलं नाही, नुसती रिकामी चौकट. आणि रिकामी चौकट दिसली की आपण सगळे लिहितो तसंच भाऊंनी लिहिलं होतं. आधी दिवस, मग महिना. ०९/०३. आत बसलेला माझा प्रोग्रॅम मात्र महिना आधी धरून वाचत होता. नऊ मार्चची पोरगी त्याने तीन सप्टेंबरची करून टाकली होती. बारानंतरचा दिवस आला की तेवढे महिनेच नसतात, म्हणून तो अडायचा. आठवड्यापूर्वी भाऊ मला हेच सांगत होते.

"मुलगी कुठे आहे?"

"स्टँडवर. चारची गाडी आहे त्यांची."

"फोन लावा."

"बंद येऊन राह्यला मायचा फोन."

अर्ज जमा करायला त्याच फोनवर येणारा ओटीपी लागणार होता. "भाऊ, पळा," मी म्हणाले, आणि ते खरंच चपला न घालता पळाले.

मी काउंटरवर लॅपटॉप उघडला. तिचा एकटीचा अर्ज त्यावरूनही गेला असता, पण पाचपर्यंत अजून कुणी या खुर्चीशी आलं तर? कॅलेंडर काढून तीन वेगळ्या याद्या करायच्या, दिवस, नावासकट महिना आणि वर्ष. सोपं काम. केलं, साइटवर चढवलं, भाऊंच्या कॉम्प्युटरवर पान उघडलं, तर खालचं 'जमा करा' बटणच गायब! मी सवयीने नव्या पद्धतीने लिहिलं होतं, ते या म्हाताऱ्या ब्राउझरला कळेचना. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी स्वतःलाच शिव्या घातल्या, मोठ्यांदा, आणि झेरॉक्ससाठी थांबलेल्या दोन बाया दचकून मागे सरल्या. शिकताना लिहायचे तसं जुन्या पद्धतीने पुन्हा सगळं लिहिलं. पान उघडलं. बटण आलं.

चार पस्तीसला भाऊ घामाघूम होऊन परतले. गाडी अर्धा तास उशिरा आली होती आणि स्टँडभर शोधून मायलेकी दिसेपर्यंत फलाटावरून हलली होती, त्यांनी रस्त्यात आडवं उभं राहून थांबवली होती. मागे मुलगी आणि तिची आई, छातीशी कागदांची पिशवी. "आमची गाडी गेली," आई माझ्यावर डाफरली. बरोबरच होतं तिचं.

नऊ. मार्च. वर्ष. फोन सुरू केला, ओटीपी यायला दोन मिनिटं लागली, ती कशी काढली माझं मला माहीत. 'अर्ज स्वीकारला.' भाऊंनी टाळी वाजवली. मी खुर्चीत मागे टेकले आणि आईला विचारलं, "पोरगी मार्चची, तुम्हाला माहीत होतं ना? मग भांडला का नाहीत?"

"मशीननं म्हटलं तं आमी काय बोलाव, बाई? कागदं पिशवीत भरले अन् निंगालो."

मुलगी इतका वेळ बोलली नव्हती. ती म्हणाली, "ताई, आमच्याच गावातल्या माझ्या मैत्रिणीलेबी परवा असंच म्हटलं. तिचं होईन का आता?"

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. "आल्या होत्या अजून काही. नावं नाई लिहून ठेवले म्या."

मी साइटच्या नोंदी उघडल्या. स्वीकारलेले अर्ज होते. त्यातल्या उलट्या झालेल्या तारखा कागदपत्रं पाहून दुरुस्त करता आल्या असत्या. नाकारलेला एकही अर्ज नव्हता. वयात न बसणारे अर्ज साठवायचेच नाहीत, उगाच कचरा होतो, असं मीच ठरवलं होतं. किती सोयीचं वाटलं होतं तेव्हा.

पाचला आठ मिनिटं होती. साइट बंद करणारी ओळ मी लिहिलेली, मीच खोडली. मग संस्थेत वसतिगृहाचं काम पाहणाऱ्या बाईंना फोन केला आणि न थांबता सगळं सांगितलं. चूक माझी आहे, भाऊंची नाही, हे दोनदा सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.

"दोन दिवस वाढवून देते," त्या म्हणाल्या. "किती मुली परत गेल्या?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

त्या दोघींची पुढची गाडी सहाची होती. मी लॅपटॉप पिशवीत टाकला आणि त्यांच्यासोबत चढले. एका मुलीचं घर तरी सापडणार होतं.